मारलेली कीड आणि कमी झालेली कीड

पोळा जवळ आला की विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी कृषी केंद्राच्या काउंटरवर एकच बोलणं ऐकू येतं. "भाऊ, पऱ्हाटीवर चिकटा आला, पाते गयून राह्यले. काही जालीम द्या." म्हणजे कपाशीवर चिकट कीड पडली, कळ्या गळायला लागल्या. पलीकडून दोन बाटल्या आणि एक पुडी पुढे सरकते. एक अळीसाठी, एक रसशोषक किडीसाठी आणि वरून टॉनिक. तिन्ही एकाच पंपात. दुसऱ्या दिवशी पानाखाली मेलेले किडे दिसतात, पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. तीन आठवड्यांनी तोच शेतकरी पुन्हा तिथेच उभा असतो आणि या खेपेला कीड पहिल्यापेक्षा जास्त असते.

औषध बोगस निघालं, असा निष्कर्ष लगेच निघतो. कधी कधी तो खराही असतो. पण अस्सल औषध मारूनही हेच घडू शकतं, आणि ते का घडतं हे कळलं की शेतीतल्या कीटकशास्त्राचा निम्मा गाभा हाती आला. कीड मारणं आणि कीड कमी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं बाटली करते. दुसऱ्याचा हिशेब वावरात चालतो.

पान उलटून बघा

कपाशीचं वरच्या भागातलं एखादं पान सकाळी अलगद उलटा. अलगद अशासाठी, की तुडतुडे लगेच पळतात, तेही सरळ न जाता तिरपे. फिकट हिरवे, पाचरीच्या आकाराचे. शिरांना चिकटून घोळक्याने बसलेला मऊ अंगाचा तो मावा. त्याच्या अंगातून गोड चिकट पाणी झिरपतं, म्हणून त्याला आपल्याकडे चिकटा म्हणतात. शिरेजवळ हलणारी बारीकशी पिवळी रेघ म्हणजे फुलकिडा, आणि पान हलताच भुर्रकन उडून परत बसते ती पांढरी माशी. या चौघांचा धंदा एकच, पानातला रस ओढणं. तुडतुडे वाढले की पानाच्या कडा खाली वळतात, पिवळ्या पडतात, मग लाल होतात. शेतकरी याला लाल्या म्हणून मोकळा होतो; पण मॅग्नेशियम कमी पडलं किंवा झाडाला एकदम पाण्याचा ताण बसला तरी पानं लाल होतात, आणि तिथे कीटकनाशकाचा काडीचा उपयोग नसतो.

आता त्याच पानावर जरा जास्त वेळ नजर ठेवा. माव्याच्या घोळक्यात एखाददुसरा मावा फुगलेला, तपकिरी, कागदासारखा कोरडा दिसेल. तो हलत नाही. पाठीवर सुईने पाडल्यासारखं गोल भोक असेल. एका इवल्याशा परोपजीवी माशीने त्याच्या जिवंत अंगात अंडं घातलं होतं. आतल्या अळीने त्याला आतून खाल्लं आणि मोठी होऊन ती भोक पाडून निघून गेली. जवळच पांढऱ्या केसासारख्या देठावर उभं केलेलं एक अंडं दिसलं तर ते क्रायसोपाचं. अंडं असं उंचावर टांगण्याचं कारण मजेशीर आहे. क्रायसोपाची अळी इतकी खादाड असते की शेजारी भावंड सापडलं तर त्यालाही सोडत नाही.

ढालकिडा, म्हणजे पाठीवर ठिपके असलेला लाल-केशरी किडा, पुष्कळांना ठाऊक असतो. त्याची अळी मात्र कोणी ओळखत नाही. काळपट, खरबरीत, अंगावर नारिंगी डाग, सहा पायांवर तुरुतुरु धावणारी. दिसायला ती कीड वाटते, म्हणून तिच्यावरच पंपाचा नोझल रोखला जातो, आणि मावा खाण्यात तर ती मोठ्या ढालकिड्याच्याही वरताण. माझ्या मते कृषी खात्याने गावोगावी औषधांच्या नावांच्या याद्या लावण्याऐवजी या एका अळीचा मोठा फोटो लावला तर जास्त फायदा होईल.

हिशेब का फिरतो

या हंगामात मावा नराशिवायच पिल्लं देतो, तीही अंडी न घालता थेट जिवंत. जन्मलेलं पिल्लू आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्लं देऊ लागतं. ढालकिड्याला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे खाणारा सावकाश वाढतो, खाद्य झपाट्याने वाढतं. जहाल औषध दोघांनाही मारतं. सगळे मरत कधीच नाहीत, थोडे इकडचे उरतात, थोडे तिकडचे. उरलेल्या माव्यापुढे अख्खं हिरवं वावर असतं. उरलेल्या ढालकिड्यापुढे खायला काही नसतं. तो मरतो किंवा धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडून दुसरीकडे जातो. पुढचे दोन-तीन आठवडे मावा कोणाच्याही धाकाशिवाय वाढतो. दुसऱ्या फवाऱ्याची गरज अशी पहिल्या फवाऱ्यातूनच तयार होते.

यात भर पडते प्रतिकारशक्तीची. फवाऱ्यातून वाचलेल्या किडींत काही नुसत्या नशिबाने वाचतात, तर काहींच्या शरीरात ते विष पचवण्याची ताकद उपजतच असते. पुढची पिढी त्यांचीच. तेच औषध दर आठवड्याला मारणारा शेतकरी नकळत निवड पद्धतीने कणखर कीड तयार करत असतो. 1987 साली आंध्रच्या गुंटूर-प्रकाशम पट्ट्यात हिरव्या बोंडअळीने हेच करून दाखवलं. तेव्हा नवीन आणि रामबाण समजली जाणारी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधं तिच्यापुढे निकामी ठरली आणि कपाशीचं पीक हातचं गेलं.

मग फवारूच नये का? फवारावं, पण मोजून. प्रत्येक किडीची एक आर्थिक नुकसानीची पातळी ठरवलेली असते. कीड तिच्या खाली आहे तोवर तिने केलेलं नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा कमी भरतं. कपाशीत सरासरी दर पानाला दोन-तीन तुडतुडे, किंवा दहा मावा, किंवा दहा फुलकिडे, किंवा आठ-दहा पांढऱ्या माश्या, हा साधारण आकडा. एकरात वेगवेगळ्या जागची वीसेक झाडं घ्यायची, प्रत्येकाची वरचं, मधलं, खालचं अशी तीन पानं बघायची आणि सरासरी काढायची. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. धुऱ्यावरच्या चार झाडांवर किडी दिसल्या म्हणून आख्खं वावर फवारायला निघणं, हा खरा खर्च.

पाते गळण्याचंही तसंच. कपाशीचं झाड पोसू शकेल त्याहून कितीतरी जास्त पाते धरतं आणि त्यातले निम्म्याहून अधिक पाते आणि कोवळी बोंडं आपणहून टाकून देतं. ढगाळ हवा, साचलेलं पाणी किंवा पावसाची उघाड यात गळ आणखी वाढते. गळालेलं पातं उचलून पाहावं. त्याला भोक नसेल, आत विष्ठा नसेल, तर अळीवर दोष ढकलून उपयोग नाही.

कोणी न बोलावता आलेली मदत

2006 ते 2008 या काळात कपाशीवर एक नवी कीड आली. पांढरं पीठ अंगाला फासलेली, खोडाला थरच्या थर लावणारी, पिठ्या ढेकूण. शेतकरी तिला मिलीबग म्हणतात. मूळची अमेरिका खंडातली. अंगावरच्या मेणचट पिठामुळे औषध आत शिरत नाही, म्हणून लोकांनी आणखी जहाल औषधं मारली. धुऱ्यावरच्या गाजरगवतावर आणि जास्वंदीवर ती आरामात राहायची आणि पुन्हा कपाशीत यायची. वाटलं, आता हिचं काही खरं नाही.

मग 2008 च्या सुमारास शास्त्रज्ञांना मेलेल्या, कडक तांबूस झालेल्या पिठ्या ढेकणांतून एक दीड-दोन मिलिमीटरची काळी माशी निघताना दिसली. तिला एनासियस बांबावालेई असं नाव दिलं गेलं, ते ओ. एम. बांबावाले या भारतीय कीटकशास्त्रज्ञांवरून. ही माशी प्रयोगशाळेतून मुद्दाम आणून सोडलेली नव्हती. ती किडीच्या मागोमाग आपली आपण आली आणि पसरली. फवारण्या कमी होत्या तिथे तिने लवकर जम बसवला. काही हंगामांतच मिलीबगची दहशत ओसरली. आज कपाशीत ती कुठे कुठे दिसते, पण तिच्या नावाने कोणी रात्र जागत नाही.

मुद्दाम आणून सोडलेल्या मित्राचं उदाहरण रस्त्याच्या कडेलाच आहे. पावसाळ्यात गाजरगवताची पानं चाळणीसारखी झालेली दिसली तर मेक्सिकन भुंगा शोधा. पिवळसर पाठ, तिच्यावर तपकिरी नागमोडी रेघा. हा 1980 च्या दशकात मेक्सिकोतून बंगळुरूला आणला गेला, तपासण्या करून सोडला गेला आणि तिथून देशभर पसरला. पावसाळा संपला की तो जमिनीत जाऊन झोपतो, पहिल्या पावसात वर येतो. त्याचं खरं अन्न गाजरगवतच. त्याला पकडून मारणारे महाभाग मात्र अजून भेटतात.

गुलाबी बोंडअळीचं प्रकरण

आता विदर्भाचं खरं दुखणं. ही अळी परकी नाही. 1843 मध्ये शास्त्रीय नाव मिळालं ते भारतातल्याच कपाशीवरच्या नमुन्यांवरून. शतकाहून अधिक काळ ती होतीच. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि 2006 मध्ये दोन विषारी प्रथिनांची बोलगार्ड-2 आली. बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचं जनुक झाडात बसवलेलं. अळीने झाड खाल्लं की तिच्या आतड्याला भोकं पडून ती मरते. हिरव्या बोंडअळीचा बंदोबस्त याने खरोखर झाला, फवारण्या उतरल्या. हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग गुलाबी अळी कशी सुटली? हिरवी अळी कपाशी खाते, तूर खाते, हरभरा, ज्वारी, टोमॅटो, सगळं खाते. विदर्भात कपाशीच्या ओळींत तुरीचं तास असतं, रब्बीत हरभरा असतो. तिथे वाढलेल्या लाखो अळ्यांना बीटीचं तोंडही दिसत नाही. समजा कपाशीत एखादी अळी बीटी पचवून वाचलीच, तर तिच्या पतंगाची जोडी बहुधा तुरीतल्या साध्या पतंगाशी जुळते आणि त्यांची पिल्लं पुन्हा बीटीने मरतात. गुलाबी अळीचा सगळा संसार जवळपास एकट्या कपाशीवर. जिकडे तिकडे बीटी, म्हणजे वाचलेल्याला जोडीदार मिळणार तोही वाचलेलाच.

यासाठीच बियाण्याच्या पिशवीत बिगर बीटीची वेगळी पुडी यायची. शेताच्या कडेने पाच ओळी लावा, म्हणजे तिथे साध्या पतंगांची पैदास होत राहील, असा हेतू. पण सात-आठ एकरवाल्याने जाणूनबुजून अळीसाठी ओळी राखायच्या, हे कोणाला पटणार? पुडी फेकली गेली, कुठे नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला वापरली गेली. नंतर बिगर बीटीचं बी पिशवीतच मिसळून द्यायला सुरुवात झाली. मी शेतकऱ्याला यात फारसा दोष देत नाही. त्या पुडीमागचा विचार त्याच्या भाषेत कोणी समजावून सांगितलाच नव्हता.

दोन कारणं आणखी. जगात इतरत्र बीटी कपाशी बहुतांश सरळ वाणांत (ज्यांचं बी राखून पुन्हा पेरता येतं) आहे, आपल्याकडे संकरित. संकरित झाडाच्या बोंडातल्या सरक्या सारख्या नसतात. काहींत विष भरपूर, काहींत कमी, काहींत नाहीच. अळीला मरण्याऐवजी सवय होण्याची सोय एकाच बोंडात. आणि दुसरं म्हणजे फरदड. ओलिताची सोय असली की वेचणी संपल्यावरही एक-दोन पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवायची. चार-पाच क्विंटल जादा कापूस दिसतो. अळीला मात्र बारमाही अन्न मिळतं. 2009-10 मध्ये गुजरातेत पहिल्या प्रथिनाला न जुमानणारी गुलाबी अळी नोंदली गेली, पुढच्या काही वर्षांत दुसऱ्यालाही. 2017 मध्ये विदर्भात बोंडं उकलली तेव्हा कापूस किडका, पिवळा, कवडीसारखा निघाला.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याएवढी वाढलेली दाट कपाशी, दमट उकाडा, तोंडाला साधा रुमाल, जास्त प्रवाहाचे पंप आणि घातक औषधांची मिश्रणं. बोंडाच्या आत बसलेल्या अळीसाठी हे सगळं. ती तिथे असताना औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही, आणि हे मला सर्वात जास्त बोचतं.

पोचत का नाही, हे एक हिरवं बोंड फोडलं की कळतं. बाहेरून ते अगदी साबूत असतं. अंड्यातून निघालेली केसाएवढी अळी आत शिरते आणि तिच्या मागे ते बारीक छिद्र बुजून जातं. फोडल्यावर सालीच्या आतल्या बाजूला एक बारीक फोड, ओल्या रुईतून गेलेला तपकिरी माग आणि सरकीच्या आत तोंड खुपसून बसलेली अळी. लहानपणी ती पांढुरकी असते, मोठी झाल्यावर गुलाबी. कधी ती दोन सरक्या धाग्याने जोडून त्यांच्या मध्ये राहते. हंगामाच्या सुरुवातीला ती फुलात असते. तिने पाकळ्या आतून शिवून टाकल्यामुळे फूल उमलत नाही, मिटल्या गुलाबासारखं राहतं. ती डोमकळी. दिसली की तोडून जाळावी किंवा पुरावी, वावरात टाकू नये.

म्हणजे पकडायचं ते अंडं, पतंग किंवा डोमकळीतली अळी. कामगंध सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, तिला भुलून नर येतात. हेक्टरी पाच सापळे लावून रोज सकाळी नर मोजायचे; सलग तीन दिवस सापळ्यामागे आठ किंवा जास्त नर सापडले तर उपायाची वेळ झाली. गोळी साधारण तीन आठवड्यांनी बदलावी लागते. जुनी गोळी ठेवून "पतंग नाहीत" म्हणणारे बरेच आहेत. दुसरी खूण बोंडांची. एकरातून फिरत वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची, दोनमध्ये जिवंत अळी निघाली तर दहा टक्के झाले. पोळ्याच्या अमावस्येला फवारा मारावा असं गावोगाव सांगतात. काळोख्या रात्री पतंगांची अंडी घालण्याची लगबग जास्त असते, त्यामुळे सांगण्यात तथ्य आहे. तरी सापळा रिकामा असेल तर पंचांग बघून पंप उचलू नये.

अंड्यांसाठी ट्रायकोकार्ड. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर तांदळातल्या पतंगाची वीसेक हजार अंडी चिकटवलेली असतात आणि प्रत्येकाच्या आत ट्रायकोग्रामा नावाची अर्ध्या मिलिमीटरची माशी वाढत असते. एकरी तीन कार्डं, पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या, संध्याकाळी. माश्या निघून बोंडअळीची अंडी शोधतात आणि त्यांत आपली घालतात. अंडं काळं पडतं, अळी जन्मालाच येत नाही. कार्ड लावण्याच्या आधी-नंतर आठवडाभर रासायनिक फवारा मारला तर पैसे वाया. कार्ड गाडीच्या डिक्कीत उन्हात तासभर राहिलं तरी वाया.

बाकीच्या पिकांचं थोडक्यात. सोयाबीनमध्ये चक्रीभुंग्याची मादी देठावर दोन गोल चकत्या कोरते आणि मधल्या भागात अंडं घालते; वरचा भाग वाळतो. पहिल्या आठ-दहा दिवसांत तो देठ खालच्या चकतीच्या खालून मोडून नष्ट केला तर अळी खोडात उतरतच नाही. हरभऱ्यावरच्या घाटेअळीला एचएनपीव्ही हा विषाणू आहे. लागण झालेली अळी फांदीला उलटी लटकून मरते. उन्हाने विषाणू मरतो, म्हणून फवारणी दिवस कलल्यावर. हरभऱ्यात काठीची आडवी फळी असलेले पक्षीथांबे रोवले की कोतवाल आणि साळुंक्या फुकट राबतात. भंडारा-गोंदियाकडे धानात गादमाशी आणि खोडकिडा यांचं वेगळं गणित आहे, ते पुन्हा कधी. तूर, तीळ, करडई, जवस फुलावर असताना सकाळी फवारू नये. मधमाश्या त्याच वेळी कामावर असतात.

गुलाबी अळी जाते कशी, तर उपाशी मरून. हिवाळ्यात ती सरकीत, पडक्या बोंडांत आणि जमिनीच्या भेगांत झोपते. उन्हाळ्यानंतर पहिल्या सरी पडल्या की पतंग निघतात. तेव्हा वावरात कपाशीला पाते-फुलं नसतील तर ते अंडी घालून व्यर्थ मरतात. 1 जूनच्या आधी कपाशी पेरू नका, हे कृषी विभागाचं सांगणं त्यासाठीच. डिसेंबरअखेर पऱ्हाटी संपवायची, पऱ्हाट्यांच्या गंजी धुऱ्यावर न ठेवता रोटाव्हेटर किंवा श्रेडरने बारीक करायच्या, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगाजवळ सापळे लावायचे. अमेरिकेने 2018 मध्ये गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. बीटीबरोबर वांझ केलेले पतंग विमानातून सोडणं, गंध सापळे आणि ठरलेल्या तारखेपर्यंत खोडं गाडणं, हे सगळं शेतकऱ्यांनी एकत्र केलं होतं. आपल्याकडे एका शिवारात पन्नास-साठ खातेदार. एकाने पऱ्हाटी उपटली आणि शेजाऱ्याने फरदड ठेवली तर पतंगाला धुरा दिसत नाही.

गावपातळीवर यातली सर्वात स्वस्त गोष्ट शेवटच्या वेचणीनंतर करता येते. धनगरांचे कळप त्या सुमारास येतातच. उभ्या पऱ्हाटीत चार-पाच दिवस शेळ्या-मेंढ्या बसवल्या तर त्या उरलेली हिरवी बोंडं, पाते आणि पानं अळ्यांसकट खाऊन टाकतात आणि वावराला लेंडीखत मिळतं. त्याआधीच्या काही आठवड्यांत जहाल औषध मारलेलं नसावं, एवढं मेंढपाळाला आधी सांगून ठेवायचं.